टिफ्रॅकपासून बोबड्या बोलांपर्यंत

संध्याकाळी सहाच्या सुमाराला किंग्ज सर्कलच्या बागेत जाऊन बसा आणि नुसते कान उघडे ठेवा. घसरगुंडीवरचं तीन-चार वर्षांचं एखादं पोरगं आजीशी तमिळमध्ये भांडत असतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राशी त्याचं गुजराती आणि हिंदीची मिसळ करून चाललेलं असतं. फुगेवाल्याकडे हट्ट मराठीत, आणि आईकडे तक्रार इंग्रजीत. चार भाषा, आणि व्याकरणाचं एक पुस्तकही कुणी उघडून दाखवलेलं नाही.

आता तिथून उठून आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये या. चालत दहा-बारा मिनिटं. इथे वीस वर्षांची, बारावीला भरपूर मार्क मिळवलेली मुलं एक सेमीकोलन विसरतात आणि कम्पायलर अठरा एरर तोंडावर फेकतो. माझे एकदा बावीस आले होते. चूक एकच होती, तीही पहिल्या ओळीत.

दोन्हीकडे भाषाच आहे ना? मग हा फरक कुठून आला? हा प्रश्न आपण कॅन्टीनमध्ये कॉफी संपेपर्यंत चघळतो आणि सोडून देतो. एका माणसाने मात्र त्यात आयुष्याची निम्म्याहून जास्त वर्षं घातली. तो भाषाशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. भारतात बनलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक कम्प्युटर ज्या टीमने उभा केला तिचा तो म्होरक्या होता. नाव रंगस्वामी नरसिंहन.

फर्स्ट इयरच्या पुस्तकात टिफ्रॅक हे नाव एका ओळीत येऊन जातं. दोन मार्कांच्या प्रश्नासाठी आपण ते पाठ करतो: भारतातला पहिला स्वदेशी कम्प्युटर, मुंबई, टीआयएफआर. बांधणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा त्या ओळीत नसतंच.

बराकीतला कम्प्युटर

नरसिंहन यांचा जन्म १७ एप्रिल १९२६चा, मद्रासचा. गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली, मग अमेरिकेत कॅलटेकमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं एमएस आणि इंडियाना विद्यापीठातून चक्क गणिताची पीएचडी. म्हणजे सोल्डरिंगचा वासही माहीत आणि प्रमेयही सिद्ध करता येतं, असं हे दुर्मीळ मिश्रण. आज आपल्याकडे ब्रँच बदलायची म्हटली तरी घरात चार बैठका होतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१९५४मध्ये ते मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. होमी भाभांनी या संस्थेत देशभरातून आणि परदेशातून तरुण माणसं वेचून आणायचा सपाटा लावला होता. संस्थेची आजची समुद्राकाठची देखणी इमारत तेव्हा नव्हती. गेटवेजवळच्या यॉट क्लबच्या जागेत आणि कुलाब्याच्या टोकाला असलेल्या लष्कराच्या जुन्या बराकींत संसार मांडलेला. कम्प्युटर बांधायचं घाटलं ते अशा बराकीत.

तेव्हाची परिस्थिती जरा डोळ्यांसमोर आणा. देशात कुठल्याही कॉलेजात कम्प्युटर हा विषय नाही. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५मध्ये इंग्लंडहून एक छोटा कम्प्युटर आला, तो देशातला पहिला. मुंबईच्या टीममधली मुलं नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, बरीचशी फिजिक्सवाली. कम्प्युटर वापरण्याचा अनुभव नरसिंहन सोडले तर कुणालाच नाही. हाताशी होते ते अमेरिकेतले छापील अहवाल. प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन आणि मंडळींनी जो कम्प्युटर बांधला त्याची रचना त्यांनी लपवून ठेवली नव्हती. अहवाल छापले आणि जगभर जाऊ दिले. इलिनॉय विद्यापीठाचं यंत्र त्याच घराण्यातलं. त्यावरून मुंबईकरांनी आपला आराखडा आखला. आज आपण ज्याला ओपन सोर्स म्हणतो त्याचाच हा फायदा, फक्त डाउनलोड बोटीने येत होतं.

आधी एक छोटं चाचणी यंत्र. ते १९५६च्या अखेरीला चालू झालं. मग १९५७पासून मोठ्या यंत्राचं काम. फेब्रुवारी १९६०मध्ये ते रीतसर कामाला लागलं. आकडे ऐका: २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. सगळं बसवलेला पोलादी सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच. माटुंग्यातल्या वन रूम किचनमध्ये तो आडवा मावला नसता. आणि एवढ्या धुडाची मेमरी? ४० बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार करा, साधारण १० किलोबाइट होतात. तुमच्या फोनमधला दोन एमबीचा एक फोटो साठवायचा तर असे दोनशे टिफ्रॅक लागले असते.

टिफ्रॅक हे नावही पुढचं. १९६२च्या जानेवारीत पंडित नेहरू टीआयएफआरच्या नव्या इमारतीच्या समारंभाला आले, तेव्हा यंत्राचं बारसं झालं.

या यंत्राशी बोलायचं कसं, हा या गोष्टीतला खरा भाग आहे. पायथन वगैरे सोडाच, सुरुवातीला ज्याला भाषा म्हणावं असं काही नव्हतंच. यंत्राला कळतात ते आकडे. अमुक आकडा म्हणजे बेरीज, तमुक म्हणजे साठव, पुढचा आकडा म्हणजे मेमरीतला पत्ता. अशा सूचनांची माळ कागदावर लिहायची, कागदी पट्टीवर भोकं पाडून ती यंत्रात घालायची आणि टेलिप्रिंटरवर काय उमटतं याची वाट बघायची. समजा तुमचा शंभर सूचनांचा प्रोग्रॅम आहे आणि अठ्ठेचाळिसाव्या जागी एक सूचना राहिली. ती मध्ये घुसवली की पुढच्या सगळ्यांचे पत्ते एकेकाने सरकतात, आणि जिथे जिथे उडी मार असं लिहिलंय तिथला आकडा चुकतो. शोधा आता. लोकलमध्ये मधेच एक डबा जोडल्यावर प्लॅटफॉर्मवरचे सगळे इंडिकेटर चुकावेत तशातला प्रकार.

हे काम करणारा माणूस दोन गोष्टी शिकतो. एक, पेशन्स. दुसरी जास्त महत्त्वाची: आपण जे डोक्यात म्हणतोय आणि यंत्राला जे सांगतोय, यांच्यात केवढी दरी आहे. ही दरी बुजवायची कशी, म्हणजेच प्रोग्रॅमिंगची भाषा कशी असावी, हा विषय त्याच वर्षांत जगभर पेटला होता. १९५७मध्ये जॉन बॅकस यांच्या टीमने आयबीएममध्ये फोरट्रान आणली आणि गणिती सूत्र जवळपास सूत्रासारखंच लिहिता येऊ लागलं. १९५९मध्ये त्याच बॅकसनी पॅरिसच्या परिषदेत अल्गोल या नव्या भाषेचे नियम मांडायची एक नेटकी पद्धत दाखवली. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी ती घासूनपुसून वापरली. आपण कम्पायलरच्या पेपरला जिला बीएनएफ म्हणतो ती हीच. कुठलं वाक्य भाषेत बसतं आणि कुठलं नाही, हे मूठभर नियमांत सांगून टाकायचं. १९६७मध्ये पीटर इंगरमन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने एका नामांकित कम्प्युटर नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं की अशी पद्धत पाणिनीने कितीतरी शतकांपूर्वी वापरली होती, तेव्हा तिच्या नावात पाणिनीही हवा. ते नाव काही रुळलं नाही.

जुनं झालेलं नवं यंत्र

आता जरा कडू भाग. टिफ्रॅक चालू झाला तेव्हा जगात व्हॅक्यूम ट्यूबचे दिवस भरत आले होते. ट्रान्झिस्टरवर चालणारे कम्प्युटर बाजारात आले होते. म्हणजे पाच वर्षं राबून जे यंत्र उभं केलं ते नारळ फोडतानाच मागच्या पिढीतलं होतं. चार-पाच वर्षं त्याने इमानाने काम केलं, संस्थेतले आणि बाहेरचे शास्त्रज्ञ आपापली गणितं घेऊन येत राहिले, आणि मग ते निवृत्त झालं. १९६४मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा बलाढ्य कम्प्युटर आला.

मग बांधला कशाला? विकतच आणायचा होता ना? हा वाद तेव्हाही होता आणि आज चिप बनवायच्या गप्पा निघतात तेव्हाही होतो. मला विचाराल तर यंत्र म्हणून टिफ्रॅकचा हिशेब तोट्याचा दिसतो. पण १९५५मध्ये ज्या शहरात कम्प्युटर कशाशी खातात हे सांगणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, तिथे दहा वर्षांनी ही माणसं सीडीसी ३६००च्या समोर बावरून न जाता उभी राहिली. तारेपासून प्रोग्रॅमपर्यंत सगळं स्वतः केलेल्या माणसाला मॅन्युअलची भीती वाटत नाही. नुसतं विकत घेतलं असतं तर भारतात आयबीएमचे गिऱ्हाईक तयार झाले असते, एवढंच.

सीडीसी ३६०० हा नुसता टीआयएफआरचा राहिला नाही. देशभरातल्या संस्था आपापले पंच केलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याला येऊ लागल्या. या सगळ्या वापरणाऱ्यांची एक संघटना असावी म्हणून १९६५मध्ये कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष, १९६९पर्यंत. हो, तीच सीएसआय, जिच्या स्टुडंट चॅप्टरचं टी-शर्ट तुमच्यापैकी कुणाच्या तरी कपाटात असेल.

चित्राचं व्याकरण

मधली तीन वर्षं मी गाळली. ती गाळून चालणार नाही, कारण नरसिंहन यांना जगाने ओळखलं ते त्या तीन वर्षांमुळे.

१९६१ ते १९६४ ते इलिनॉय विद्यापीठात होते. तिथे इलिॲक ३ नावाच्या एका वेगळ्याच कम्प्युटरची आखणी चालू होती. काम काय, तर फोटो वाचायचे. अणुकणांचा अभ्यास करणारे लोक तेव्हा बबल चेंबर वापरायचे. कण त्यातून गेला की मागे बारीक बुडबुड्यांची रेघ उरते, तिचा फोटो घ्यायचा. असे फोटो ढिगांनी निघायचे आणि माणसं टेबलाशी बसून डोळ्यांनी ते तपासायची: इथे रेघ वळली, इथे एका रेघेच्या दोन झाल्या, म्हणजे कण फुटला. हे काम यंत्राने करावं अशी कल्पना होती.

चित्र ओळखायचं म्हणजे काय, यावर तेव्हाचा रूढ विचार साधा होता. एक नमुना ठेवा, समोरचं चित्र त्याच्याशी ताडून बघा, किती जुळतं ते मोजा आणि ठरवा. नरसिंहन यांनी प्रश्नच फिरवला. चित्र म्हणजे वाक्य आहे असं धरून चाललं तर? वाक्यात अक्षरांचे शब्द होतात, शब्दांचे पदबंध, पदबंधांचं वाक्य. तसं चित्रात ठिपक्यांची रेघ होते, रेघांना टोकं असतात, रेघा कुठे तरी मिळतात, आणि त्यातून आकृती होते. मग यंत्राने फक्त नाव सांगून थांबायचं नाही, चित्राची रचना उलगडून सांगायची. हे चित्र अमुक का आहे, ते.

आपल्या लिपीतलं उदाहरण घेऊ, हे माझं आहे, त्यांचं नाही. ‘ग’ घ्या. वर शिरोरेघ. उजवीकडे तिला लटकलेला दंड. डावीकडे वरून खाली येऊन आत वळलेली एक रेघ, दंडाला न चिकटलेली. आता माटुंग्याच्या रिक्षावाल्याने काढलेला ‘ग’ बघा (माटुंग्यात रिक्षा येत नाही हे मला माहीत आहे, सायनचा घ्या), दुकानाच्या पाटीवरचा बघा आणि लग्नपत्रिकेतला बघा. तिघांत मापं जुळत नाहीत, जाडी जुळत नाही. रचना मात्र तीच. डावीकडची रेघ आडवी फिरून दंडाला चिकटली की तो ‘ग’ राहत नाही. म्हणजे ओळखीचा पत्ता मापात नाही, कुणाचं कुणाशी काय नातं आहे त्यात आहे, आणि नात्यांचे नियम म्हणजेच व्याकरण.

त्यांचे याविषयीचे निबंध १९६४ आणि १९६६मध्ये छापून आले. १९६६च्या निबंधाच्या नावातच एक गंमत आहे. त्यात वापरलेला सिन्टॅक्स डायरेक्टेड हा शब्दप्रयोग तेव्हा कम्पायलर लिहिणाऱ्यांच्या तोंडी होता. भाषेचे नियम वेगळे लिहून ठेवायचे आणि कम्पायलरने त्या नियमांच्या बोटाला धरून प्रोग्रॅमचा अर्थ लावत जायचं, अशी ती पद्धत. नरसिंहन यांनी प्रोग्रॅमच्या जागी चित्र ठेवलं. बबल चेंबरचे फोटो आणि हाताने लिहिलेली इंग्रजी अक्षरं, दोन्हींवर ती चालवून दाखवली. प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी घडवलेलं हत्यार डोळ्याने बघायच्या कामाला लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचं नाव घेतलं जातं.

आज हा रस्ता मागे पडलाय हेही सांगायला हवं. तुमचा फोन अक्षर ओळखतो तो व्याकरणाने नाही, लाखो उदाहरणं पाहून. पण त्याला विचारा की हा ‘ग’ का आहे. तिथे तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावर उपाय काय यावर आजही लोक पीएचडी करताहेत.

मुंबईत परतल्यावर १९६७मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला, प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि कम्प्युटर या दोघांना एकाच सिद्धांतात बसवणारा. नाव जड आहे, पण विषय तुमच्या ओळखीचा आहे. कम्प्युटर म्हणजे लोखंड आणि भाषा म्हणजे कागद, असं आपण धरून चालतो. खरं तर यंत्राच्या सूचना हीही एक भाषाच आहे आणि यंत्र हा तिचा अर्थ लावणारा दुभाषा. उलट फोरट्रान आणि तिचा कम्पायलर मिळून एक नवं यंत्रच तयार होतं, फक्त ते हाताला लागत नाही. जावाचा प्रोग्रॅम चालवताना आपण व्हर्च्युअल मशीन म्हणतो ना, ते आठवा. लोखंड कुठे संपतं आणि भाषा कुठे सुरू होते ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, ती आपण आखतो. ज्याने स्वतः ट्यूब बसवल्या आणि स्वतःच पट्टीवर भोकं पाडणाऱ्यांना शिकवलं, त्याला ही गोष्ट सहज दिसली असणार.

सॉफ्टवेअर हा शब्द पाटीवर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने टीआयएफआरमध्ये एक राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. त्याच्या लांबलचक नावात सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट हे शब्द होते. तेव्हा बहुतेक लोकांच्या लेखी सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राबरोबर फुकट मिळणारी वस्तू. ते घडवणं हे संशोधनाचं काम आहे, त्यासाठी वेगळी संस्था लागते, हे सरकारदरबारी पटवणं सोपं नव्हतं. नरसिंहन त्या केंद्राचे प्रमुख. हेच केंद्र १९८५मध्ये एनसीएसटी नावाने स्वतंत्र झालं, जुहूला गेलं आणि पुढे सीडॅकमध्ये मिसळलं. सीडॅकचा कोर्स लावायचा की नाही या चिंतेत असलेल्यांना आपल्या चिंतेची वंशावळ एवढी जुनी आहे हे कळलेलं बरं.

१९७५मध्ये सीएमसी ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या उभारणीतही त्यांचा हात होता. तीनच वर्षांत आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसीच्या गळ्यात पडली. त्यातून शिकलेल्या याच कंपनीने ऐंशीच्या दशकात रेल्वेच्या रिझर्वेशनची कम्प्युटर यंत्रणा बनवली. १९७७मध्ये नरसिंहन यांना पद्मश्री मिळाली. एवढं झाल्यावर माणूस समित्यांवर बसतो, फिती कापतो आणि आठवणी सांगतो.

दोन वर्षं एका बाळाचं ऐकणं

नरसिंहन मात्र लहान मुलांकडे वळले.

त्यांच्या मनातला सल असा असावा, असं मला त्यांचं काम बघून वाटतं. यंत्रासाठी भाषा बनवताना आधी नियम येतात. नियम पक्के, मग वाक्यं. नियमाबाहेरचं वाक्य म्हणजे एरर. चित्रांनाही त्यांनी असेच नियम लावून पाहिले. त्याच काळात नोम चॉम्स्की आणि त्यांचे अनुयायी माणसाच्या भाषेकडेही याच नजरेने बघत होते: डोक्यात एक व्याकरण आहे, त्यातून वाक्यं निघतात. कम्प्युटरवाल्यांना हे ऐकायला फार गोड लागलं, कारण त्यांच्या हातात तेच हत्यार होतं. आणि या हत्यारात मुरलेल्या नरसिंहन यांनीच इथे नाही म्हटलं. किंग्ज सर्कलच्या बागेतलं पोर नियम जुळवून बोलत नाही. ते काहीतरी करण्यासाठी बोलतं. दे, नको, उचल, तिकडे जाऊ, हे काय आहे. समोर माणूस असतो, वस्तू असते, भूक असते, हट्ट असतो. भाषा हे आधी वागणं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि वागण्यातून ती कशी उभी राहते ते दाखवल्याशिवाय नुसतं व्याकरण सांगून भागत नाही. १९८१मध्ये याच विषयावरचं त्यांचं पुस्तक जर्मनीतल्या नामांकित प्रकाशनाने काढलं.

ते वाद घालून थांबले नाहीत. सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एका तमिळ घरातल्या बाळाची बोली टिपली. बाळ नऊ महिन्यांचं असल्यापासून पावणेतीन वर्षांचं होईपर्यंत. बाळ काय बोललं एवढंच नाही, मोठी माणसं त्याच्याशी काय बोलली, कशाबद्दल आणि कुठल्या प्रसंगात, तेही. घरात लहान मूल असलेल्या कुणालाही विचारा, हे काम किती कंटाळवाणं असेल. एकच शब्द पन्नासदा. त्यातले अठ्ठेचाळीस वेळा अर्थ वेगळा. ज्या संस्थेत अणुकणांच्या रेघा मोजल्या जात होत्या त्याच संस्थेतला कम्प्युटरचा माणूस बोबड्या बोलांची नोंद करत होता.

त्यातून त्यांना एक वेगळा धागा सापडला. घरात बोलायला शिकणं आणि शाळेत लिहायला-वाचायला शिकणं, या एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या नाहीत. बोलताना संदर्भ आपल्याला सांभाळून घेतो. ते तिकडचं इकडे आण, एवढ्यावर काम होतं, कारण बोट दाखवलेलं असतं. लिहिताना बोट दाखवता येत नाही. काय, कुठलं, किती, कधी, सगळं शब्दांत बांधावं लागतं आणि आपण जे म्हटलं त्याकडे परत वळून बघावं लागतं. साक्षरता म्हणजे अक्षरओळख नव्हे, तर भाषेकडे असं वळून बघता येणं, अशा अंगाने त्यांनी पुढे लेखन केलं. वेदपठणाच्या मौखिक परंपरेचा दाखला त्यांना इथे महत्त्वाचा वाटला, कारण कागद हाताशी नसतानाही भाषेची एवढी चिरफाड तिथे झाली होती.

आता पुन्हा लॅबमध्ये या. कम्पायलरसमोर आपण नेमके कुठे अडखळतो? आपण त्याच्याशी बोलतो, आणि त्याला लिहिलेलं हवं असतं. ते तिकडचं इकडे आण, हे त्याला चालत नाही. सेकंड इयरला प्रोग्रॅमिंग जमत नाही म्हणून रडकुंडीला आलेले माझे कितीतरी मित्र गणितात कच्चे नव्हते. त्यांना आपल्या मनातली गोष्ट बोट न दाखवता सांगायची सवय नव्हती. ती सवय शाळेत निबंध पाठ करून कशी लागणार होती? हे नरसिंहन यांचं विधान नाही, माझं आहे. पण त्यांचं वाचल्यावर सुचलं.

आणि हो, चॅटबॉट. आज यंत्रं माणसासारखी वाक्यं लिहितात, तीही नियम न शिकवता, ढिगाने मजकूर वाचून. म्हणजे व्याकरण आधी नाही, वापर आधी, यात नरसिंहन बरोबर ठरले असं कुणी म्हणेल. मला तेवढं सोपं वाटत नाही. त्यांचं बाळ वाचून शिकलं नव्हतं, दूध मागून शिकलं होतं. आधी लिहिलेलं शिकून मग बोलायला लागलेलं काहीतरी त्यांच्यासमोर आलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? बहुधा शेजारी बसून नोंदी घेतल्या असत्या.

२००४मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांची दोन पुस्तकं आली, एक साक्षरतेवर आणि एक कृत्रिम बुद्धिमत्तेवर. ३ सप्टेंबर २००७ रोजी ते गेले. टीव्हीवर त्या दिवशी काही ब्रेकिंग वगैरे झालं नाही.

टिफ्रॅक केव्हाच मोडीत निघाला. सीडीसी ३६००ही गेला. बाळाच्या बोलण्याच्या त्या नोंदी मात्र जगभरच्या मुलांची बोली साठवणाऱ्या एका मोठ्या संग्रहात आहेत, नरसिंहन यांच्याच नावाने. संग्रह अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सांभाळला जातो आणि तो इंटरनेटवर आहे. फाइल उतरवून घ्या, साधी टेक्स्ट फाइल असते. पायथनच्या दहा-बारा ओळींत मोजता येतं, कुठल्या महिन्यात बाळाने किती नवे शब्द काढले. तमिळ येत नसेल तर किंग्ज सर्कलला कुणीतरी भेटेलच.